वाचकांचे प्रश्न : केरिसचं पातं घडलं कसं, ते पात्यावरच वाचा

मलय द्वीपकल्प, सुमात्रा, जावा, बाली, सुलावेसी या पट्ट्यात केरिस नावाची कट्यार घडवली जाते. तळाशी एका बाजूला रुंद, दुधारी, कधी सरळ तर कधी नागमोडी अशी ही कट्यार. युनेस्कोने २००५ मध्ये इंडोनेशियाच्या केरिस परंपरेला अमूर्त वारशाचा मान दिला आणि २००८ मध्ये तिचं नाव प्रातिनिधिक यादीत घातलं. तिच्या पात्याबद्दल खानदेशातून आलेल्या पत्रांना इथे एकत्र उत्तरं देत आहोत.

प्रश्न (अमळनेर) : आजोबा महायुद्धात मलायात होते. त्यांच्या ट्रंकेत एक नागमोडी कट्यार आहे. पात्यावर पांढुरक्या रेघा दिसतात. कुणी म्हणतं घडीव काम, कुणी म्हणतं ॲसिडने काढलेली नक्षी. पातं न बिघडवता खरं-खोटं कसं करायचं?

उत्तर : आधी बांधणी समजून घ्या, मग कुठे पाहायचं ते आपोआप कळेल. जुन्या पद्धतीचं पातं एका धातूचं नसतं. मऊ लोखंड आणि निकेल असलेला धातू एकावर एक ठेवून तापवतात आणि घणाखाली एकजीव करतात. तो ठोकळा लांबवून घडी घालतात आणि पुन्हा सांधतात. घड्या पुरेशा झाल्या की ठोकळ्याचे दोन भाग करून मधे पोलादाची पट्टी घालतात. खापरावरच्या मांड्यासाठी दोन पुऱ्यांच्या मधे पुरण असतं, तशी ही रचना. फरक एवढाच, की मांड्यात पुरण कडेने बाहेर आलं तर फजिती, आणि इथे ते बाहेर आलंच पाहिजे, कारण धार त्याचीच. बाहेरच्या थरांतून उमटणाऱ्या नक्षीला पामोर म्हणतात.

आता दहा पटींचं भिंग आणि एक टॉर्च घ्या. पातं मऊ कापडाने तेलाचा हात देऊन पुसा. टॉर्च वरून न मारता पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा.

पहिली नजर धारेवर. दोन्ही कडांना दोन-चार मिलिमीटर रुंदीचा, नक्षी नसलेला, एकसारखा करडा पट्टा टोकापर्यंत गेलेला दिसला तर ते आतलं पोलाद. पामोर आणि पोलाद यांच्यामधली सीमा आखल्यासारखी सरळ नसते, ती थोडी लाटा घेत जाते. हा पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला नाहीसा होत असेल, तर ठोकताना पोलाद मधोमध राहिलं नाही असं समजा. तो घडवणाऱ्याचा दोष आहे, नकलीपणाची खूण नव्हे. उलट, अस्सल घडाईचा तो पुरावाच म्हणायला हवा.

दुसरी नजर उंचसखल जागांवर. आमच्या मते सगळ्यात खात्रीची परीक्षा हीच. तळाशी केरिसला चर आणि कोरीव खाचा असतात. पामोरचे थर पात्याच्या आत पसरलेले असल्याने कानशीने चर खोदला की खालचे थर उघडे पडतात आणि चराच्या उतारावर रेघा वळण घेतात. नकाशावर टेकडीभोवती उंचीच्या रेषा वळतात, अगदी तसं. ॲसिडने वरून काढलेल्या नक्षीला उंचसखल कळत नाही. ती चर ओलांडून सपाट कागदावरच्या चित्रासारखी सरळ पुढे जाते. रेघ चरात शिरताना वाकते की नाही, एवढंच तपासलं तरी निम्मा निकाल लागतो.

रेघा नखाला लागतात म्हणून पातं अस्सल, असं काही विक्रेते सांगतात. त्यावर विसंबू नका. जुन्या पात्यात वर्षानुवर्षांच्या सफाईने लोखंड झिजतं आणि निकेलच्या रेघा उचललेल्या राहतात, हे खरं. पण मेणाचा लेप देऊन ॲसिडमध्ये बुडवलेल्या साध्या पोलादावरही उचललेली नक्षी मिळते.

एका गोष्टीने बरेच जण फसतात. तळाशी पातं साधारण १० मिलिमीटर जाड धरा. मधलं पोलाद ३ मिलिमीटर असेल, तर दर बाजूला साडेतीन मिलिमीटर उरतात. त्यात निकेलचे ६४ थर असतील, तर निकेल आणि लोखंडाची एक जोडी मिळून जेमतेम ०.०५५ मिलिमीटर भरते. मग पात्यावरच्या रेघा मिलिमीटरभर रुंद कशा? काकडी तिरपी कापली की चकती लांबट होते, त्याच कारणाने. पृष्ठभाग थराला फक्त ३ अंशांनी कापत असेल, तर ती जोडी सुमारे एक मिलिमीटर रुंद दिसते. म्हणून रुंद, मोकळ्या रेघा पाहून ‘थर कमी, काम हलकं’ असा निकाल देऊ नये.

थर पृष्ठभागाला समांतर असतील तर वळणं, डोळे, ठिपके उमटतात. यातल्या एका नक्षीला जावामध्ये ‘बेरास वुताह’ म्हणतात, म्हणजे सांडलेले तांदूळ. थर उभे केलेले असतील तर तळापासून टोकापर्यंत लांब रेघा धावतात. दुसरा प्रकार अवघड. उभ्या थरांचा प्रत्येक सांधा पृष्ठभागावर येतो आणि कच्चा राहिलेला एकही लपत नाही.

प्रश्न (चोपडा) : विळे-कुऱ्हाडी घडवतो. मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्यांत निकेलची पट्टी घालून पामोरसारखं काही जमतं का ते तीनदा करून पाहिलं. एकदा पदर सुटले, एकदा फुगे आले, एकदा घणाखाली पार चुरा झाला. मन्हं काय चुकनं?

उत्तर : तिन्ही वेळा चूक वेगळी झाली आहे, म्हणून एकेक घेऊ.

पदर सुटले, ते पृष्ठभागावरच्या पापुद्र्यामुळे. घडीच्या पोळीत तेल लावतो ते पदर सुटावेत म्हणून. तापलेल्या लोखंडावर धरणारा काळा पापुद्रा नेमकं तेच काम करतो. सांधायच्या बाजू कानशीने पांढऱ्या होईपर्यंत घासा आणि लगेच बांधा. पट्ट्या नारिंगी लाल झाल्या की टाकणखार टाका. तो साधारण ७४० अंशांना वितळतो, काचेसारखा पसरतो आणि पापुद्रा विरघळवतो. त्याआधी गार लोखंडावर टाकलात तर फुलून गळून पडतो. पुढे ताव वाढवत न्या. पट्ट्यांवर लोणी वितळल्यासारखी ओली झळाळी आली आणि रंग पिवळा-पांढरा झाला, म्हणजे १,२०० ते १,३०० अंशांच्या दरम्यान, की बाहेर काढा. ऐरणीवर यायला तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त लागले तर सांधा गेला. ऐरण जवळ ओढा, आणि थंडीच्या दिवसांत तीही आधी कोमट करून घ्या.

फुगे येतात ते आत अडकलेल्या टाकणखाराचे आणि मळीचे. तुम्ही बहुधा कडेपासून मधे ठोकलंत, त्यामुळे मळीला बाहेरची वाट राहिली नाही. पहिले घाव हलके, मधोमध, आणि मग दोन्ही कडांकडे. मळी पिचकारीसारखी बाहेर उडेल, तेव्हा चामड्याचा पडदा आणि चष्मा हवाच. पहिल्याच तावात जोराने मारलं तर पट्ट्या एकमेकींवरून घसरतात. फुगा एकदा आला की वरून ठोकून बसत नाही. तो छिन्नीने फोडून, आतून साफ करून, टाकणखार घालून पुन्हा सांधावा लागतो.

चुरा झाला त्याला दोन कारणं असू शकतात. एक, ताव जास्त झाला आणि ठिणग्या उडायला लागल्या, म्हणजे धातू जळला. जळलेलं पोलाद परत आणता येत नाही, तेवढा भाग कापून टाका. दुसरं कारण आम्हाला तुमच्याबाबतीत जास्त संभवतं. भट्टीत दगडी कोळसा होता का? त्यात गंधक असतं. निकेल आणि गंधक एकत्र आले की सुमारे साडेसहाशे अंशांनाच वितळणारं मिश्रण तयार होतं आणि ते निकेलच्या कणांमध्ये शिरतं. घण पडला की पट्टी वाळूसारखी विखुरते. बाभळीचा लाकडी कोळसा वापरा. दगडीच वापरायचा असेल तर आधी जाळून, धूर पूर्ण संपवून, कोक झाल्यावरच त्यात काम करा. ठोकळा भात्याच्या नळीच्या तोंडाशी धरू नका. तिथे हवा मोकळी असते आणि लोखंड जळतं. नळीपासून चार-सहा बोटं वर, गच्च निखाऱ्यांच्या पोटात ठेवा.

सुरुवातीला माप लहान ठेवा : १०० मिलिमीटर लांब, ३० रुंद, ८ जाड अशा मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि मधे १ मिलिमीटरचा शुद्ध निकेलचा पत्रा. निकेलचा मुलामा दिलेली पट्टी चालत नाही, मुलामा पहिल्याच तावात जातो. स्टेनलेसचा चमचाही नको, त्यातल्या क्रोमियमचा पापुद्रा टाकणखाराला सहजी दाद देत नाही. तांबं-निकेलची जुनी नाणी घालायचा सल्ला कुणी देईल. तो धातू १,२०० अंशांच्या आसपास वितळून वाहतो आणि नाणी मोडणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे.

ठोकळा दुप्पट लांब केला की मधोमध छिन्नीने तापता कापा, पण आरपार नको, खाली दोनेक मिलिमीटर शिल्लक ठेवा. घासा, टाकणखार टाका, दुमडा, सांधा. निकेलचे थर दर घडीला दुप्पट होतात : २, ४, ८, १६, ३२ आणि सहाव्या घडीला ६४. तिथे थांबा. घड्या वाढवत गेलात तर थर इतके पातळ होतात की निकेल आसपासच्या लोखंडात मुरतं आणि नक्षी धुरकट होते. कार्बनचं तर त्याहून वाईट. मऊ लोखंड आणि पोलाद यांचे थर रचून नक्षी काढायला गेलात, तर दोन-चार तावांत कार्बन सगळीकडे सारखा पसरतो. मग उरतात त्या फक्त सांध्यांच्या फिक्या रेघा. पामोरला निकेल लागतं ते यासाठी.

दर तावाला लोखंड पापुद्र्याच्या रूपाने झडतं, तेव्हा तयार पात्याच्या कित्येक पट माल हाताशी ठेवा. जावाच्या जुन्या पद्धतीत दहा-बारा किलो लोखंडातून शेवटी अर्ध्या किलोच्या आतबाहेरचं पातं निघतं. त्यातला मोठा वाटा लोखंड घडी घालून शुद्ध करण्यातच जातो.

आतल्या पोलादासाठी गाडीचा कमानपाटा घेण्याचा मोह होईल. विळ्याला तो उत्तम, सांध्याला नाही. बऱ्याच कमानपाट्यांत सिलिकॉन असतं आणि त्याचा पापुद्रा चिवट असतो. साधं कार्बनी पोलाद घ्या. ते आत भरताना ताव थोडा कमी ठेवा, कारण मऊ लोखंडाला मानवणारा ताव पोलादाला मानवत नाही. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम गार करून कठीण करताना, सगळं पातं पाण्यात बुडवू नका. कोमट तेलात, आणि तेही धार व टोक एवढंच. मुठीत जाणारा दांडा मऊच राहिला पाहिजे, नाहीतर तो मुळाशी मोडतो.

प्रश्न (भुसावळ) : आमच्याकडच्या केरिसचा तळाचा आडवा तुकडा वेगळा आहे, मधे बारीक फट दिसते. पातं तुटून जोडलंय का?

उत्तर : नाही. तो तुकडा मुळातच वेगळा असतो. त्याचं मलय नाव ‘गंजा’, पण मराठीत ‘गंजाला फट पडली’ म्हटलं की तांबेऱ्याचा घोटाळा होतो, म्हणून आपण त्याला बैठक म्हणू. पात्याच्या तळातून निघणारा गोल दांडा बैठकीच्या भोकातून जातो आणि पुढे मुठीत बसतो. पुष्कळदा बैठक त्याच ठोकळ्याच्या टोकाचा तुकडा कापून करतात, त्यामुळे दोन्हींची नक्षी एकाच जातीची दिसते. नक्षी अगदी परकी असेल, एकीकडे बारीक तांदूळ आणि दुसरीकडे नुसतं काळं लोखंड, तर बैठक नंतर बदललेली असू शकते. पातं आणि बैठक एकाच तुकड्यात घडवण्याची पद्धतही आहे. काही ठिकाणी नुसती रेघ कोरून दोन तुकड्यांचा भास आणतात. भिंगाखाली अशी रेघ आरपार जात नाही.

मूठ काढून दांडा पाहता आला तर फार कळतं. मूठ कापड गुंडाळून किंवा राळेने बसवलेली असते. सरळ ओढू नका, हलकेच पिळत सोडवा, आणि नाहीच सुटली तर राहू द्या. दांड्यावर आटे पाडलेले किंवा वेल्डिंगचा गोळा दिसला तर तो नवा लावलेला.

प्रश्न (शहादा) : केरिसच्या नागमोडी पात्याच्या लाटांची संख्या नेहमी विषम असते असं वाचलं. आमच्या भरतात बारा. नकली समजायची का?

उत्तर : पुन्हा मोजा. तळापासून सुरू करून एकदा डावं, एकदा उजवं असं आळीपाळीने, खडूने खूण करत टोकापर्यंत जा. तळाजवळची उथळ लाट किंवा टोकाजवळची शेवटची, जेमतेम दिसणारी, बहुतेकांची सुटते. टोक मोडून घासून नवं केलं असेल तरीही एक लाट कमी भरते. लाटांच्या आकड्यापेक्षा त्या कशा आल्या हे पाहा. पातं तापवून एकेक लाट ऐरणीवर वाकवली असेल, तर पामोरच्या रेघा लाटेबरोबर वळतात. सरळ पट्टीतून ग्राइंडरने लाटा कापल्या असतील, तर रेघा सरळ जातात आणि कडेला कापलेल्या दिसतात. बाजारी मालात हे सर्रास सापडतं.

प्रश्न (धुळे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : प्रकल्पासाठी केरिसची धातुपरीक्षा करायची आहे. कोणत्या चाचण्या कराव्यात? पामोर उल्केच्या लोखंडाचा आहे हे सिद्ध करता येईल का?

उत्तर : अखंड पातं असेल तर क्ष-किरण चित्र आणि क्ष-किरण प्रतिदीप्ती (क्ष-किरण पाडून धातूतली मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी), एवढ्यावर थांबा. चित्रात आतले कच्चे सांधे, दांड्याची जोड आणि तांबेऱ्याने खाल्लेली पोकळी दिसते. प्रतिदीप्तीत निकेल कळतं, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. लोखंडात ही चाचणी मिलिमीटरच्या काही शतांशांपेक्षा खोलचं सांगत नाही. कार्बन तिला दिसतच नाही. आणि आर्सेनिकचा उंच शिखर-आलेख आला तर तो मिश्रधातूचा घटक मानू नका. पातं काळं करण्यासाठी परंपरेने लावलेल्या आर्सेनिकयुक्त लेपाचा तो अवशेष असतो.

पात्याचा छेद घ्यायचा तो फक्त आधीच मोडलेल्या पात्याचा. घासून, झिलई करून, दोन टक्के नायटल (अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक ॲसिड) लावा. सूक्ष्मदर्शकाखाली फेराइट (जवळजवळ कार्बन नसलेलं मऊ लोखंड) फिकं, पर्लाइट (पोलादातला कार्बनयुक्त भाग) गडद आणि निकेलचे पट्टे चकाकते राहतील. घडाईच्या दिशेने ताणलेले मळीचे धागे दिसतील. ते मुळीच नसतील तर आधुनिक पोलादाचा संशय घ्या. मधल्या पट्टीची सूक्ष्म कठीणता विकर्स मापात ६०० च्या पुढे गेली तर पाणी दिलेलं आहे, २०० ते ३०० असेल तर पर्लाइटच. बाहेरचं मऊ लोखंड शंभराच्या आसपास राहतं.

उल्केचं म्हणाल, तर जावामध्ये प्रंबानन इथे पडलेल्या उल्केचं लोखंड सुराकार्ताच्या दरबारी केरिसांत वापरलं गेलं, हे नोंदलेलं आहे. म्हणून प्रत्येक मलय केरिस आकाशातून पडलेलं ठरत नाही. निकेलयुक्त लोखंड सुलावेसीतल्या लुवू भागातूनही व्यापारात फिरत होतं. उल्केत निकेलसोबत कोबाल्ट असतं, म्हणून दोन्हींचं प्रमाण मोजा. चकाकत्या पट्ट्यात जवळजवळ शुद्ध निकेल आलं तर तो कारखान्याचा पत्रा. आणि ‘पात्यावर उल्केची जाळीदार नक्षी दिसते’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ती विड्मानस्टेटन जाळी सांधण्याच्या तावात टिकतच नाही.

प्रश्न (साक्री) : घरात ठेवायला परवाना लागतो का?

उत्तर : शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत कट्यार धारदार शस्त्रांत मोडते, पण परवान्याची सक्ती अधिसूचना लागू असलेल्या भागापुरती असते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी विचारा. मिरवणुकीत नेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रश्न (रावेर) : पातं काळवंडलंय. लिंबू आणि पितांबरीने घासलं तर नक्षी उठून दिसेल का?

उत्तर : पितांबरी नको, पॉलिश पेपर नको, संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको. काळपटपणा हा मळ नाही. तो मुद्दाम आणलेला रंग आहे आणि त्याच्यामुळेच निकेल पांढरं दिसतं. घासून सगळं चकचकीत केलंत तर नक्षी जाते.

जावामध्ये पातं आधी नारळाच्या पाण्यात भिजवतात, मग लिंबाचा रस आणि आपल्या रिठ्याच्या जातीच्या फळाने घासतात. पातं पांढरं झालं की वारंगन लावतात. वारंगन म्हणजे आर्सेनिकचं खनिज, आपल्याकडच्या मनशीळ-हरताळाच्या कुळातलं, लिंबाच्या रसात खललेलं. लोखंड त्याने काळं होतं, निकेल तसंच राहतं. हे घरी करू नका, ते विष आहे. जुन्या पात्यावर त्याचा अंश असतोच, तेव्हा हाताळल्यावर हात साबणाने धुवा, पातं स्वयंपाकघरात ठेवू नका, कोरडं घासून धूळ उडवू नका.

तांबेरा असेल तेवढ्याच जागी रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवा आणि सकाळी बांबूच्या कामटीने खरवडा. लिंबू लावायचंच असेल तर दोन मिनिटं, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि तिथल्या तिथे सुकवा. रस चरात राहिला तर पावसाळ्यात महिन्याभरात खड्डा पडतो. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. मलायाच्या दमट हवेत घडलेलं लाकडी म्यान आपल्याकडच्या मे महिन्यात आक्रसतं आणि पातं आत घट्ट अडकतं. अशा वेळी हिसका देऊ नका, जुलैपर्यंत थांबा. आणि जमेल तेव्हा पातं म्यानातून काढून तेल लावलेल्या सुती कापडात वेगळं ठेवा.